बोटीवर निघालो, दात पगारे वहिनींकडे

बोटीच्या प्रवासाला निघताना माणूस काय काय विसरू शकतो, त्याची एक यादी आमच्या बोटीच्या माहितीपत्रकात छापलेली होती. टोपी, काळा चष्मा, पोहण्याचे कपडे, मळमळीच्या गोळ्या. आम्ही यातलं काही म्हणजे काही विसरलो नाही. पोहण्याचे कपडे तर आमच्या ह्यांनी दोन जोड घेतले होते, आणि त्यांना पोहता एकाही जोडात येत नाही. आम्ही जे विसरलो ते त्या यादीत नव्हतंच. आम्ही दात विसरलो.

परत आल्यापासून ही गोष्ट मी शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगितली, भाजीबाजारात सांगितली, दोन हळदीकुंकवांत सांगितली. दर वेळी ती थोडी वाढते, असं ह्यांचं म्हणणं. म्हणून एकदाची लिहूनच काढते, म्हणजे आहे त्या मापात राहील.

नाशिक

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती आणि आमच्या लग्नाला पंचवीस होत होती. त्या सुमारास मुंबईहून गोव्याला जाऊन येणारी एक परदेशी बोट सुरू झाली होती. शुक्रवारी संध्याकाळी निघायची, शनिवारभर नुसता समुद्र, रविवारी गोवा, सोमवारी परत मुंबई. ह्यांच्या सातपूरच्या कारखान्यातले एक साहेब त्या बोटीने जाऊन आले आणि त्यांचं माहितीपत्रक आमच्या टीपॉयवर येऊन पडलं. मी मनातल्या मनात डेकवर उभी राहून पदर उडवायला सुरुवातही केली. त्या चित्रात माणसं दोनच होती. तेवढ्यात कोपऱ्यात मटार सोलत बसलेल्या माझ्या सासूबाई म्हणाल्या,

"गोव्याला थांबते का गं ती बोट?"

झालं. चित्रात तिसरं माणूस आलं.

आता इथं मला बारा वर्षं मागं जायला हवं, कारण पुढचं सगळं नाटक एका डाळिंबी साडीवर उभं आहे.

सासूबाईंना, म्हणजे आमच्या आईंना, एकच बहीण. कुसुममावशी. दोघींचं माहेर दिंडोरीचं. दोघी एका परकरात वाढल्या म्हणायला हरकत नाही. मावशी लग्न होऊन फोंड्याला गेल्या. आमच्या घराच्या वास्तुशांतीला त्या आल्या तेव्हा त्यांनी आईंना डाळिंबी रंगाची सुरेख साडी दिली. आता आमच्याकडे अहेराची साडी ही नेसायची नसते, फिरवायची असते. ती पेटीत जाते, दबा धरून बसते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाच्या तरी ओटीत जाऊन पडते. चार वर्षांनी माझ्या नणंदेचं लग्न निघालं, आईंनी पेटी उघडली आणि हाताला लागेल ती साडी मानाच्या पाहुण्यांना वाटत सुटल्या. भर मांडवात कुसुममावशींनी आपल्या साडीची घडी मोडली, तर आतून चिठ्ठी पडली. "प्रिय ताईस, कुसुमकडून." मावशींच्याच अक्षरात.

मावशी मोठ्यांदा म्हणाल्या, "बरं झालं ताई. माझीच साडी मला घडीसुद्धा न मोडता परत मिळाली."

आई म्हणाल्या, "अगं, विसरले गं मी कुणाची ते."

"बाईमाणूस साडी विसरत नसतं. सख्ख्या बहिणीची तर नाहीच."

"विसरले म्हटलं ना! आता काय शपथ घेऊ?"

शपथ कुणी घेतली नाही, पण अबोला दोघींनी घेतला. आठ वर्षं.

म्हणून तो मटार सोलताना विचारलेला प्रश्न. ह्यांनी तिसरं तिकीट काढलं आणि मी फोंड्याला फोन केला. मावशी म्हणाल्या, "तिला बोलायचं असेल तर येईन धक्क्यावर. ती तोंड बंद करून बसणार असेल, तर मी कशाला येऊ एवढ्या लांब?"

"बोलतील हो मावशी. बोलायलाच येताहेत," मी छातीठोकपणे सांगितलं.

आईंनी तयारी जोरात सुरू केली. येवल्याहून मावशींसाठी जांभळी साडी मागवली. पेटीतली नव्हे, नवी कोरी. आत चिठ्ठीबिठ्ठी नाही ना, हे त्यांनी तीनदा झटकून पाहिलं. आणि दुसरी तयारी दातांची. त्या वर्षी त्यांचा शेवटचा दात गेला होता आणि डॉक्टरांनी छान कवळी करून दिली होती. (दातांवाचून त्यांचा 'स' 'श' होई; आम्हाला घरात त्याची सवय, म्हणून मीही तो इथं बरोबरच लिहितेय.) आईंनी ती आरशासमोर एकदा लावली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून हसल्या, काढली आणि स्टीलच्या डबीत ठेवून दिली.

"आता गोव्यालाच लावीन. कुसुमसमोर."

"अहो आई, सराव नको का?"

"नवी साडी कुणी सरावाला नेसतं का?"

साडी ठेवणीतली असते हे मला माहीत होतं. ठेवणीतले दात मी पहिल्यांदा पाहिले.

सगळं जमलं आणि आईंनी पंचांग उघडलं. शुक्रवारी अमावास्या! बोट काही आमच्यासाठी शनिवारी निघणार नव्हती. पण जुन्या माणसांकडे यावर तोड असते: प्रस्थान ठेवायचं. म्हणजे चांगला मुहूर्त पाहून आपल्या सामानातली एखादी पिशवी आधीच दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. तुम्ही त्या मुहूर्तावर निघालात असं धरलं जातं. मग प्रत्यक्ष निघाल त्या दिवशी ती पिशवी उचलायची आणि पुढं व्हायचं. अट एकच: ठेवलेली वस्तू परत घरात आणायची नाही.

"एक हळकुंड आणि सुपारी बांधून ठेवू," मी म्हटलं.

"हळकुंडानं देव फसत नाही. प्रवासात खरोखर लागेल असंच ठेवायचं. जे सगळ्यात महत्त्वाचं, ते."

तेव्हा बुधवारी सकाळी मुहूर्तावर एक खाकी पिशवी समोरच्या पगारे वहिनींच्या देवघराच्या फळीवर गेली. आत येवल्याची साडी आणि दातांची डबी.

आमचे हे कारखान्यात मालाची तपासणी करतात. घरातून सामान बाहेर पडताना ते त्याच नजरेनं बघतात. चौसष्ट वस्तूंची यादी केली होती, प्रत्येकीपुढे चौकोन. शुक्रवारी सकाळी दारात गाडी उभी, हे पायरीवर यादी घेऊन उभे.

"चिवडा?"

"घेतला."

"गोदावरीची बाटली?"

"घेतली."

चौसष्टच्या चौसष्ट चौकोनांत खुणा झाल्या. साडी आणि दात यांच्यापुढे तर बुधवारीच झाल्या होत्या. त्या वस्तू आमच्याआधी निघाल्या होत्या ना! समोर फाटकात पगारे वहिनी उभ्या राहून दोन्ही हात हलवत होत्या. आम्हीही हलवले. गाडी निघाली.

मुंबई, धक्क्यावर

बोट पाहिली आणि आई म्हणाल्या, "ही तरंगते?" प्रश्न रास्त होता. आमच्या कॉलनीतल्या सगळ्या इमारती एकावर एक रचल्या तरी तेवढी उंची व्हायची नाही.

सामान तपासणाऱ्या साहेबांनी आमच्या बॅगेतून बाटली काढली. "ये क्या है, माताजी?"

"गंगा," आई म्हणाल्या. नाशिकला गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.

साहेबांनी बाटली उजेडात धरली, हुंगली आणि परत देताना नमस्कारही केला. नंतर मी आईंना विचारलं, हे पाणी कशाला? तर म्हणाल्या, "आपली गंगा उगम पावते इथं, समुद्राच्या इतकी जवळ, आणि जाते पार तिकडं पूर्वेला. सासर लांब पडलं बिचारीचं. म्हटलं, जवळचं माणूसही बघू दे तिला एकदा."

आई नदीबद्दल बोलत नव्हत्या, हे कळायला माझ्यासारखी मराठी शिकवणारी बाईच असायला लागतं असं नाही.

बोट सुटायच्या आधी सगळ्यांना केशरी जाकिटं घालून ओळीत उभं करतात. बुडायची वेळ आली तर काय करायचं ते शिकवतात. प्रत्येक जाकिटाला शिट्टी असते. आईंनी ती पदराआडून अशी खणखणीत वाजवली की आमच्या रांगेतले दोन गुजराती आजोबा पळायला लागले. "शिट्टीला दात लागत नाहीत," आई मला कौतुकानं म्हणाल्या आणि तिथंच त्यांना आठवण झाली.

"सुनंदा, माझी डबी काढून ठेव गं खोलीत. आज-उद्या लावून बघते. कुसुमसमोर पडायला नको."

"हो," मी म्हटलं. आणि डोळ्यांसमोर पगारे वहिनींची फळी उभी राहिली. बोट अजून हललीही नव्हती.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी खिशातून यादी काढली. "डबी. खूण आहे."

"खूण आहे हो. डबी कुठं आहे?"

माणसाचा चेहरा पांढरा पडतो म्हणतात, तो मी त्या दिवशी केशरी जाकिटावर फार उठून दिसताना पाहिला. तेवढ्यात भोंगा झाला आणि पायाखालची मुंबई बाजूला सरकायला लागली. मी मोबाइल काढून पगारे वहिनींना फोन लावला.

"वहिनी, आमची पिशवी..."

"आहे ना! फळीवर. मी रोज फूल वाहते."

"अहो, तुम्ही आम्हाला निघताना पाहिलंत! फाटकात उभ्या होतात!"

"होते की. म्हटलं आता येतील न्यायला, मग येतील. तुम्ही हात हलवलेत, मीही हलवले. प्रस्थान दुसऱ्यानं उचलून द्यायचं नसतं ना, सुनंदाताई. म्हणून मी आपला हातच लावला नाही."

आई शेजारीच उभ्या होत्या. त्यांना सगळं कळलं होतं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पदर तोंडावर घेतला आणि समुद्राकडे बघत म्हणाल्या, "कुसुमला निरोप दे. ताईला बोट लागलीय म्हणावं. मी खाली उतरणार नाही."

भर समुद्र

शनिवारी सकाळी समुद्र असा पसरला होता की जणू कुणी इस्त्री करून ठेवलाय. किनारा नाही, पक्षी नाही, मासेमारीची होडी नाही. चारही बाजूंना गोल निळी परात आणि मधोमध आम्ही. असं दृश्य पाहून माणसानं गंभीर व्हावं असं म्हणतात, पण आमच्या पुढ्यात न्याहारी होती.

ती न्याहारी काय वर्णू! चाळीस तरी पदार्थ, सगळे आपापल्या हातानं घ्यायचे. एकच गोष्ट नव्हती: वाढणारं माणूस. आई हताश होऊन म्हणाल्या, "पंगत नाही, मग आग्रह कोण करणार?" आणि थोड्या वेळानं पाहते तर पदरानं तोंड झाकून त्या त्याच गुजराती आजोबांच्या ताटात चमच्यानं शिरा घालत होत्या. "घ्या हो. एवढ्यानं काय होतंय!" आजोबाही घेत होते. समुद्रावर आग्रहाचं वाढप आमच्या आईंनी सुरू केलं, याची नोंद कुणीतरी ठेवायला हवी.

स्वतः मात्र खाईनात. त्या चाळीसांत टोस्ट कडक, पाव कडक, फळं कडक. आणि सगळ्यांत कहर म्हणजे आम्ही बरोबर नेलेला दोन किलो चिवडा. नाशिकची माणसं दात विसरतील, चिवडा विसरणार नाहीत.

आमच्या टेबलावर रोझारिओ नावाचे वेटर होते, वयानं माझ्याच बरोबरीचे, मूळचे मडगावचे. त्यांनी आईंचा पदर पाहिला, ताट पाहिलं आणि एक शब्द न विचारता आतून वाटीभर पातळ पेज घेऊन आले. वर तुपाचा गोळा.

"आमच्या आजीलाही दात नव्हते," ते हळूच म्हणाले. "पण बोलायला ती घरात सगळ्यांत पुढं."

आईंनी पेज प्यायली. पण उतरायचं नाव काढेनात.

ह्यांचीही फजिती झालीच होती. चौसष्ट वस्तूंच्या यादीत "बूट" लिहिलेलं होतं, खूणही होती, पण खूण करताना बूट पायरीवर होते आणि हे घरातल्या निळ्या स्लिपरांत गाडीत बसले. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या जेवणाला हे कोट, टाय, मोजे आणि निळ्या स्लिपरा अशा थाटात आले. कप्तानसाहेबांनी हस्तांदोलन करताना खाली एकदाच पाहिलं. फार सभ्य माणूस. पुन्हा पाहिलं नाही.

तर मुद्दा आईंचा. दुपारी डेकवर मी त्यांच्या पायाशी बसले.

"आई, मावशी काय म्हणाल्या होत्या आठवतंय? बोलणार असेल तरच येईन. तुम्ही उतरला नाहीत तर त्या काय समजतील?"

"आणि असं उतरले तर? आठ वर्षांनी तिला हे बोळकं दाखवू? तिचे बत्तीसच्या बत्तीस आहेत अजून. ऊस सोलून खाते ती. आणि हातात साडीही नाही. काय सांगू, विसरले? पुन्हा विसरले?"

त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. मी पाहिलं तर त्या बाटलीचं झाकण फिरवत होत्या, उघडत नव्हत्या. तोपर्यंत मला हे सगळं मजेचं वाटत होतं. तेव्हा कळलं, बहात्तराव्या वर्षी माणूस अशी बोट पुन्हा पकडत नाही. उद्या चुकली की चुकलीच.

आता मी पडले गॅदरिंग बसवणारी बाई. पंचवीस वर्षं शाळेत मुक्या मुलांकडून शिवाजी आणि बोबड्यांकडून नारद करून घेतलेत. मी उठून उभी राहिले.

"आई, उद्या प्रयोग करायचा. तुमचा मूक अभिनय. तोंड उघडायचंच नाही. मान हलवायची, डोळ्यांत पाणी आणायचं, पदर असा धरायचा. संवाद सगळे माझे. मी सांगते त्यांना, ताईला फार बोलायचं आहे, पण घसा बसलाय."

मग मी मावशी झाले, हे मोटार झाले आणि डेकवर आम्ही तीनदा तालीम केली. चौथ्या वेळी बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईंना थोडं हसू आलं. "बघू," एवढंच म्हणाल्या. त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि गोदावरी हळूच त्या निळ्या परातीत ओतली. पाणी वाऱ्यानं अर्धं माझ्या साडीवर आलं. म्हणजे गोदावरी समुद्राला मिळाली आणि मलाही.

गोवा

रविवारी सकाळी डोंगर दिसले, हिरवे आणि समुद्राला अगदी खेटून. आमचे डोंगर उघडे, कातळाचे, समुद्रापासून दूर रुसून बसलेले. इथले पायात पाणी घेऊन बसले होते.

आई उतरल्या. पायऱ्यांवर त्यांचा हात माझ्या दंडात असा रुतला होता की चार दिवस वळ राहिले.

बंदराच्या फाटकाबाहेर एक पांढरी मोटार आणि तिच्याजवळ कुसुममावशी. ताठ, सडपातळ, केस पांढरे. आणि अंगावर ती डाळिंबी साडी!

आई जागच्या जागी थांबल्या. "डिवचायला नेसलीय," त्या पदराआडून कुजबुजल्या. मी म्हटलं, "तालीम आठवा. तोंड बंद."

आम्ही समोर गेलो. मी हात जोडून सुरू झाले. "मावशी, आईंना तुमच्याशी किती बोलायचं होतं म्हणून सांगू! पण समुद्राच्या वाऱ्यानं घसा असा बसलाय की..."

मावशी माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या आईंकडे बघत होत्या. आई ठरल्याप्रमाणे मान हलवत होत्या, ओठ घट्ट मिटलेले, पदर तोंडावर. मी बसवलेलं सगळं अगदी चोख चाललं होतं. फक्त समोरून बघणाऱ्याला ते कसं दिसेल, एवढंच दिग्दर्शिकेनं पाहिलं नव्हतं.

"घसा बसलाय," मावशी सावकाश म्हणाल्या. "आठ वर्षं बसलाय तिचा घसा."

"नाही हो मावशी, खरंच..."

"राहू दे सुनंदा. मी वेडी. साडी मुद्दाम नेसून आले. म्हटलं, तिनं पाहिलं की तिला कळेल, मी आता मनात काही ठेवलं नाही. नेसून मोकळी झाले. पण तिला तोंडसुद्धा उघडायचं नाही माझ्यासमोर." आणि त्यांनी मोटारीचं दार उघडलं. "प्रवास सुखाचा होऊ दे ताई."

मी आयुष्यात रंगमंचावर एकदाही संवाद विसरले नाही. तेव्हा विसरले. तोंड उघडलं तर आवाजच येईना. घसा खरोखर बसला तो माझा. हे यादी चाचपत होते. मावशींचा एक पाय मोटारीत गेला.

"कुशे!"

फाटकावरचा पोलीसही वळला. आईंनी पदर टाकून दिला होता.

"कुशे, थांब! जातेश कुठं? मी बोलायलाच आलेय एवढ्या लांब!"

मावशी वळल्या. आईंच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. "ताई... तुझे दात?"

"गेले शगळे. नवे केलेत. छान केलेत."

"मग कुठं आहेत?"

आईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे. "विशरले."

"काय विसरलीस?"

"दात विशरले! पगारेबाईंच्या फळीवर. आणि तुझी शाडीही तिथंच. नवी आहे, येवल्याची. शपथ!"

मावशींच्या खांद्यापासून काहीतरी हलायला लागलं. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या. मोटारीच्या टपावर हात टेकून हसत होत्या. "दात विसरली! अगं, स्वतःचे दात विसरून समुद्रावर आली ही!" आईही हसायला लागल्या, ते बोळकं पूर्ण उघडून, आठ वर्षांत मी पाहिलं नव्हतं तसं. दोघींनी एकमेकींचे दंड धरले होते. कोण कुणाला सावरत होतं, कळत नव्हतं.

हसता हसता मावशी मध्येच थांबल्या. त्यांनी डोळे पुसले. पदराचं डाळिंबी टोक हातात धरून त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

"ताई, म्हणजे तेव्हाही तू खरंच विसरली होतीस."

"मग मी काय शांगत होते!"

फोंड्याच्या घरी आम्ही पाच तास होतो. मावशींनी कुरकुरीत कडबोळी आणि बेसनाचे लाडू असे सगळे दातांचेच पदार्थ करून ठेवले होते. ते सगळे ह्यांनी खाल्ले. आईंसाठी शेजारणीकडून सान्नां आली. ह्या वाफवलेल्या तांदळाच्या फुगीर पांढऱ्या वड्या, आपल्या इडलीच्या गोव्यातल्या मावसबहिणी. नारळाच्या गोड रसात बुडवल्या की जिभेवर विरघळतात. आईंनी सात खाल्ल्या. आठवीला त्यांनी नको म्हटलं तर मावशींनी वाटी ओढून घेऊन वाढली. आग्रह करणारं माणूस शेवटी भेटलं होतं.

निघताना मावशी म्हणाल्या, "माझी साडी?"

"न्यायला ये," आई म्हणाल्या. "पोश्टानं पाठवायची नाही मी."

परत

सोमवारी संध्याकाळी आम्ही घरी आलो तर पगारे वहिनी फाटकात. आधी फळीवरून पिशवी उचलली, मगच घरात पाऊल टाकलं. प्रवास संपल्यावर प्रस्थान उचलणारं आमचं घराणं बहुधा पहिलंच. पण ठेवलेली पिशवी घरात परत आणायची नसते, मग आता हिचं काय, हा प्रश्न आलाच. आईंनी पंचांग न उघडताच निकाल दिला: "माझा प्रवास झाला. पिशवीचा राहिला असेल तर तो तिनं तिचा बघावा." पायरीवर ह्यांचे बूट होते, एकात मांजरीची दोन पिल्लं.

द्राक्षांच्या दिवसांत कुसुममावशी खरोखर आल्या आणि दहा दिवस राहिल्या. दोघी बहिणी दिंडोरीला माहेरी जाऊन वेलीवरून द्राक्षं खाऊन आल्या. आईंनी दात लावले होते, मावशींचे लागलेलेच होते. दोघींनी त्या दहा दिवसांत आमच्या ह्यांच्या याद्यांची इतकी टिंगल केली की ते आता मनातल्या मनात खुणा करतात. येवल्याची साडी घेऊन मावशी गोव्याच्या गाडीत बसल्या.

संध्याकाळी मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेले. दोरीवर, चार चिमटे लावून व्यवस्थित, ती डाळिंबी साडी वाळत होती.

मी फोन लावला. "मावशी, तुमची साडी राहिली इथं."

"अगंबाई!" पलीकडून फारच भोळा आवाज आला. "विसरलेच बघ मी."

मी आईंकडे वळले. "म्हणताहेत, विसरल्या."

आईंनी साडी माझ्या हातून घेतली, मांडीवर पसरली. घडीत चिठ्ठी नाही हे एकदा पाहिलं. "विसरतं माणूस," त्या म्हणाल्या. "त्यात काय एवढं."

मला वाटलं, आता पेटी उघडेल. पेटी उघडली नाही. दुसऱ्या दिवशी, सणवार काही नसताना, आई ती साडी नेसून मेथीची जुडी आणायला कोपऱ्यावर गेल्या. दातही लावले होते.